अक्काचा आजार संध्याकाळी यायचा

माझी थोरली बहीण, आमची अक्का, जळगावजवळच्या असोद्याला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आमच्या घराण्यात सार्वजनिक उपयोगाची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तिचा आवाज. ती वर्गात पाढे घेऊ लागली की बाहेर एसटीची वाट बघणारी माणसंसुद्धा मनातल्या मनात पुढचा आकडा म्हणत, असं तिचे यजमान सांगायचे. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. दाजींची केळीची बाग होती. ते मुळात कमी बोलत, आणि घरात त्यांना तशी संधीही कमी होती.

हा आवाज ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी बिघडायला लागला. सकाळी ठणठणीत असायचा. दुपारच्या सुट्टीनंतर तो नाकात जायचा, आणि शाळा सुटेपर्यंत अक्का काय म्हणते आहे ते तिलाच ठाऊक. त्याच सुमारास पापण्याही खाली यायच्या, आधी डावी, मग उजवी. मुलांना वाटे बाई पेंगताहेत. जेवताना भाकरी चावता चावता जबडा मध्येच थांबे. मग ती हाताने हनुवटी वर ढकलून घास संपवी. एकदा पाणी पिताना ते नाकातून बाहेर आलं, तेव्हा ती हसली. पण ती पाणी प्यायला लागली की दाजी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत बसतात, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मुख्याध्यापक सज्जन होते. त्यांनी तिला बोलावून विचारलं, "बाई, आजाराचं नाव काय?"

"नाव अजून कुणी ठेवलं नाही."

"मग रजेच्या अर्जात काय लिहिणार?"

"थकवा लिहिते."

"बाई, थकवा मलाही येतो."

पुढच्या जूनपर्यंत काही निदान झालं नाही तर तिचा वर्ग काढून तिला कचेरीत कागदांवर शिक्के मारायला बसवायचं, असं ठरलं. अक्काला शिक्क्यांबद्दल राग नव्हता. पण शिक्के पाढे म्हणत नाहीत, असं ती म्हणाली.

मी तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. घरातला वाचन असलेला माणूस मीच असल्यामुळे माझ्याकडे अपेक्षेने पाहिलं गेलं. मी वैद्यकावरचा एक जाडजूड ग्रंथ घरी नेला आणि आठवडाभर वाचला. आठवड्याच्या शेवटी अक्काला त्यातले जवळजवळ सगळे आजार होते. मला स्वतःलाही चार-पाच निघाले. तिचा खरा आजार त्या ग्रंथात होता, हे मला नंतर कळलं. तो शेवटच्या भागात होता, आणि तिथवर पोचायच्या आत माझा धीर सुटला होता.

मग एकेक डॉक्टर करून झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. घशाच्या डॉक्टरांनी गुळण्या दिल्या. शेजारच्या आजीबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. निदान त्यांनी दर वेळी नवा केसपेपर तरी काढायला लावला नाही. शेवटी आम्ही जळगावातल्या एका फार मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या दवाखान्यात स्वतःचे पुष्पगुच्छ स्वीकारतानाचे इतके फोटो होते की पेशंटला बसल्या जागी आपण सत्काराला आलो आहोत असं वाटे. सकाळची दहाची वेळ मिळाली होती. मोठ्या माणसाकडे जायचं म्हणून दाजींनी अक्काला आदल्या दिवशी कामाला हात लावू दिला नाही. ती भरपूर झोपली, न्हायली, इस्त्रीची साडी नेसली, आणि ताजीतवानी होऊन डॉक्टरांसमोर बसली.

"काय त्रास आहे?"

"डॉक्टरसाहेब, मला बोलताच येत नाही," अक्का खणखणीत आवाजात म्हणाली. बाहेरच्या बाकावरच्या दोघांनी दारातून आत डोकावून पाहिलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पुष्पगुच्छांकडे पाहिलं.

"आणि पापण्या मिटतात," अक्का टपोरे डोळे उघडून म्हणाली.

डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं, बाईंचं मन रमवा असा सल्ला दिला, आणि मला बाजूला घेऊन घरात काही कटकट आहे का, असं विचारलं. मी दाजींचं नाव घेतलं नाही. ते बाहेर कडुनिंबाखाली उभे होते, आणि कटकट करण्याइतकी वाक्यं त्यांच्याजवळ कधीच नसत.

त्याच दिवशी संध्याकाळी, पापण्या अर्ध्यावर आलेल्या असताना, ती नाकातल्या आवाजात म्हणाली, "भाऊ, ते मला बघतात ना, त्या वेळेला मी बरीच असते. त्यांची वेळ सकाळची. माझा आजार संध्याकाळी येतो. आमची भेटच होत नाही."

हे इतकं सरळ होतं की इतके दिवस ते आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. पेशंटला विश्रांती द्यावी आणि मग डॉक्टरकडे न्यावं, ही आपल्याकडची रीत. आजारी माणसालाही आपण पाहुण्याकडे नेतो तसं नीटनेटकं करून नेतो. मी त्या मोठ्या डॉक्टरांकडे संध्याकाळची वेळ मागायला गेलो. कंपाउंडर म्हणाला, "संध्याकाळी साहेब नसतात." कुठे असतात ते त्याने सांगितलं नाही, पण भिंतीवर फोटो होतेच.

तेवढ्यात वर्तमानपत्रात बातमी आली. धुळ्याला मोफत शिबिर, मुंबईहून मेंदू आणि मज्जातंतूंचे तज्ज्ञ येणार, तपासणी सकाळी नऊपासून.

"नऊ वाजता मला थकलेलं असायला पाहिजे," अक्का म्हणाली. "तुम्ही दोघं मला थकवा."

दाजींच्या तोंडून त्या वर्षातलं सर्वांत लांब वाक्य निघालं. "लग्नाला इतकी वर्षं झाली, हे काम आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं."

बेत असा ठरला. पहाटे उठून अक्काने सगळ्या घराचे कपडे धुवायचे. मग पहिल्या गाडीने निघायचं, आणि जळगावपासून धुळ्यापर्यंत तिने बोलायचं. थांबायचं नाही. सोबत फुटाण्यांची पिशवी घ्यायची आणि मधूनमधून चावत राहायचं. दाजी बागेच्या पाण्यासाठी मागे राहिले. तिला थकवायची जबाबदारी माझ्यावर आली.

एसटीत अक्काशेजारी पारोळ्याला जाणारी एक बाई बसली होती. तिला वाटलं, बोलकी बाई भेटली, वेळ बरा जाईल. अक्काने सुरुवात शाळेपासून केली. एरंडोल येईपर्यंत मुख्याध्यापक, त्यांचे व्याही आणि शाळेचं गळकं छप्पर संपलं होतं. मग तिने केळीच्या लागवडीला हात घातला. एरंडोलच्या पुढे तिचा आवाज जड झाला. पारोळ्याच्या अलीकडे तो नाकात गेला. त्या बाईने मागे वळून मला विचारलं, "भाऊ, हाई बाई काय म्हणी ऱ्हायनी?"

"ती थकायचा प्रयत्न करते आहे," मी म्हणालो.

"माय व! मग चूप बठ म्हणा तिले."

"चूप बसली तर बरी होईल. मग डॉक्टरला दाखवायला काही राहणार नाही."

ती बाई अक्काकडे वळली. मग अक्काच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "बोल व बहीण, बठ्ठं सांग. मी ऐकी ऱ्हायनू." पारोळ्याला उतरेपर्यंत तिने खरंच सगळं मन लावून ऐकलं, आणि उतरताना मला सांगितलं की डॉक्टर देवमाणूस असेल तर समजेल. आमचा आजवरचा अनुभव देवमाणसांचाच होता, पण मी मान हलवली.

धुळ्याला आम्ही पोचलो तेव्हा अक्का पाहण्यासारखी झाली होती. दोन्ही पापण्या खाली, ओठ ढिले, मान एका बाजूला. मी आयुष्यात कुणाची इतकी वाईट अवस्था पाहून इतका खूश झालो नव्हतो.

आणि तिथे मांडव होता. मांडवात व्यासपीठ होतं, त्यावर सोफे, समई, हारांची परडी आणि प्रमुख पाहुण्यांना द्यायचा सोनगीरचा तांब्याचा हंडा होता. प्रमुख पाहुणे मात्र नव्हते. ते निघाले आहेत, असं माइकवरून सांगत होते. उद्घाटन झाल्याशिवाय तपासणी सुरू होणार नव्हती. लोखंडी खुर्च्यांवर खोकणारे, लंगडणारे, थरथरणारे लोक रांगेने बसले होते, आणि समई पेटायची वाट बघत होते. मुंबईचे तज्ज्ञ व्यासपीठाच्या टोकाला बसले होते. सडपातळ, चष्मा लावलेले. त्यांच्याही गळ्यात कुणी तरी आगाऊ हार घालून ठेवला होता, आणि तो काढायचा कधी हे त्यांना समजत नव्हतं.

अक्का खुर्चीत बसली, मान मागे टेकली आणि डोळे मिटले. पाहुणे यायला चांगलाच उशीर झाला. ते आले, समई पेटली, वाऱ्याने विझली, पुन्हा पेटली. त्यांनी भाषण सुरू केलं तेव्हा मी अक्काकडे पाहिलं. तिचे डोळे छान उघडले होते.

"बरं वाटतंय," ती स्वच्छ आवाजात म्हणाली, आणि आम्ही दोघंही घाबरलो.

"फुटाणे खा," मी म्हणालो.

"संपले. पारोळ्याच्या बाईला दिले."

"मग बोल."

"भाषण चालू असताना? मी बाई आहे, भाऊ. मी मुलांना दटावते बोलली तर."

इतक्यात पाहुण्यांनी सांगितलं की आरोग्य हीच खरी संपत्ती आहे. अक्काने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि टाळ्या वाजवल्या. जोरात. तिच्या पुढच्या रांगेने दचकून टाळ्या वाजवल्या, मग मागच्यांनी. पाहुणे थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला की हे वाक्य इतकं चांगलं आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी ते पुन्हा म्हटलं. अक्काने पुन्हा हात वर नेले.

त्यानंतर तिने एकही वाक्य सोडलं नाही. पाहुण्यांनी गावाचं नाव घेतलं, टाळ्या. पाणी प्यायला थांबले, टाळ्या. "या मोफत शिबिराचा लाभ गरिबाला झाला पाहिजे की नाही?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा अक्का बेंबीच्या देठापासून ओरडली, "झालाच पाहिजे!" मांडव तिच्यामागे ओरडला. पाहुण्यांनी खिशातून आणलेला कागद पुन्हा खिशात ठेवला आणि मनातलं बोलायला सुरुवात केली. मी एरवी अशा भाषणांना शिक्षा समजतो. त्या दिवशी मी देवाला म्हणालो, याला अजून सुचू दे.

भाषण संपलं तेव्हा अक्काचे हात मांडीवर पडले होते आणि डावी पापणी उतरू लागली होती. पाहुणे हंडा घेऊन निघाले. त्यांना गाडीपर्यंत पोचवायला अर्धं व्यासपीठ गेलं, आणि त्यात आभार मानणारे गृहस्थही गेले. संयोजकांपैकी एकजण घामाघूम होऊन आमच्याकडे आला.

"ताई, तुम्ही शिक्षिका आहात ना? बोलण्यावरून वाटलंच. एवढे आभार मानून द्या. नावं लिहिलेली आहेत."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. उघड्या राहिलेल्या उजव्या डोळ्यात जी चमक होती ती मी लहानपणापासून ओळखतो. बोरं चोरायला झाडावर चढायच्या आधी ती यायची.

ती माइकपुढे उभी राहिली. पहिले दोन आभार ठीक गेले. तिसऱ्यापासून शब्द नाकात शिरले. आभाराच्या कागदावर नावं भरपूर होती, देणगीदार, मांडववाले, माइकवाले, चहावाले, आणि अक्काने एकालाही वगळलं नाही. मध्येच कागद धरलेला हात खाली आला. तिने तो दुसऱ्या हाताने उचलून धरला. दोन्ही पापण्या खाली आल्या, तेव्हा ती मान मागे टाकून फटीतून वाचू लागली. लोक कुजबुजायला लागले. संयोजक तिला खुणा करत होते की पुरे. ती थांबेना. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं आभारप्रदर्शन लांबावं असं मला वाटलं.

व्यासपीठाच्या टोकाचे ते तज्ज्ञ आतापर्यंत सोफ्यात रुतून बसले होते. ते आधी पुढे सरकले. मग चष्मा सारखा केला. मग गळ्यातला हार काढून शेजारच्या मोकळ्या सोफ्यावर ठेवला, उठले, आणि आभार चालू असतानाच तिच्या समोर जाऊन उभे राहिले.

"बाई, माझ्या बोटाकडे बघा. वर. बघत राहा."

अक्का बघत राहिली. पापण्या पडद्यासारख्या खाली आल्या.

"हे सकाळी असतं?"

अक्काने मान हलवली, नाही.

"विश्रांती घेतली की जातं?"

तिने मान हलवली, हो. आणि मी पाहिलं, तिच्या बंद पापण्यांखालून पाणी येत होतं. इतक्या डॉक्टरांत बरोबर प्रश्न विचारणारा हा पहिलाच माणूस होता.

त्यांनी तिला आतल्या खोलीत नेलं, मला सोबत घेतलं, आणि तिला एक इंजेक्शन दिलं. म्हणाले, "आता फक्त बघत बसू." आम्ही बघत बसलो. आधी काही झालं नाही. मग उजवी पापणी हलली. मग डावी. दोन्ही हळूहळू वर गेल्या, दुकानाचं शटर उघडावं तशा, आणि आत माझी बहीण होती.

"राहिलेले आभार मानू का?" तिने विचारलं. आवाज खणखणीत होता.

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. लांबलचक परदेशी नाव. अक्काने ते दोनदा म्हणून घेतलं, शब्द पाठ करताना मुलं म्हणतात तसं. त्यांनी समजावलं की नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप नीट पोचत नाही, म्हणून वापरला की स्नायू थकतो. आजार जन्माचा सोबती आहे, कधी कमी, कधी जास्त. पण गोळ्यांनी काबूत राहतो. पाणी नाकातून येणं, श्वास जड होणं, याकडे मात्र दुर्लक्ष करायचं नाही.

"इतके दिवस का थांबलात?" त्यांनी विचारलं.

"थांबलो नव्हतो. सगळ्यांकडे गेलो होतो," अक्का म्हणाली. "पण सकाळी. डॉक्टरसाहेब, रागावू नका, एक सांगते. तुम्ही लोक विचारता काय होतं. केव्हा होतं हे कुणी विचारत नाही. तेवढं विचारलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं."

ते रागावले नाहीत. बाहेर जाऊन त्यांनी माइकवाल्याला सांगितलं की ज्यांचा त्रास दिवस चढेल तसा वाढतो, त्यांनी तपासून घ्यायची घाई करू नये, दिवस मावळेपर्यंत थांबावं, मी आहे. मांडवातले चार-सहा जण उठता उठता पुन्हा खाली बसले. शिबिर पाचला संपेल असं छापलेलं होतं, त्यामुळे संयोजकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"या इंजेक्शनचा परिणाम दोनेक तासच टिकेल," डॉक्टर अक्काला म्हणाले.

"मग चल भाऊ, आधी जेवू," ती म्हणाली.

समोरच्या खानावळीत आम्ही शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मागवली. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी-उडदाची, चावून खायची वस्तू. तिने ती कोरडीही खाल्ली, रश्शात बुडवूनही खाल्ली, वर कांदा दातांनी फोडला. हनुवटीला हात लावला नाही. मधूनच पोटात गुडगुड होत होती, ते औषधामुळे होईल असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. "होऊ दे," ती म्हणाली आणि अजून एक भाकरी मागितली. वाढणाऱ्याने विचारलं, "बाई लांबून आल्यात का?"

"फार लांबून," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. धुळ्याच्या रश्शाची ही एक सोय आहे, कारण सांगावं लागत नाही.

परतीच्या गाडीत औषध उतरलं, पापण्या पुन्हा खाली आल्या. पण या वेळी ती नाव असलेल्या आजाराची पेशंट म्हणून झोपली, आणि घोरलीसुद्धा.

गोळ्या जळगावात मिळेनात. औषधांच्या दुकानात ते नाव वाचून माणूस आत जाई आणि रिकाम्या हाताने बाहेर येई. शेवटी दाजींनी मार्ग काढला. त्यांच्या बागेतली केळी ज्या ट्रकने मुंबईला जात, त्याच्या ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी दिली. केळी गेली आणि गोळ्या आल्या. पुढे कैक वर्षं असंच चाललं. ट्रकला उशीर झाला की दाजी फाट्यावर जाऊन उभे राहत. कशासाठी उभे आहात, असं कुणी विचारलं तर म्हणत, "केळीचा भाव कळायचाय."

मुख्याध्यापकांनी अर्जातलं नाव तीनदा वाचलं आणि आदराने मान हलवली. इतकं लांब नाव असलेल्या आजारापुढे त्यांचा थकवा टिकणार नव्हता. शिक्के मारायची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. अक्काने गोळीच्या वेळा शाळेच्या तासांना जुळवून घेतल्या, वाचनाचा धडा गोळी लागू पडल्यावर, शुद्धलेखन ती उतरताना.

मी त्या जूनमध्ये मुद्दाम एकदा दुपारी असोद्याला गेलो. शेवटचा तास चालू होता. गेल्या वर्षभर त्या वर्गाने शेवटच्या तासाला फार सुखात दिवस काढले होते, बाई डोळे मिटून बसत आणि वर्गात गोट्यांपासून लग्नापर्यंत सगळे खेळ चालत. आता बाई उभ्या होत्या, डोळे उघडे, आणि एकोणतिसाचा पाढा रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. मी खिडकीशी उभा राहिलो. पाढा संपला तशी पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठली.

"बाई, तुम्ही बऱ्या झाल्या का?"

"हो गं. औषध लागू पडलं."

मुलीने मागे वळून वर्गाकडे पाहिलं. वर्गाचे चेहरे उतरले होते. तिने पुन्हा बाईंकडे बघून, फार काळजीने विचारलं,

"म्हणजे आता रोजच?"

"रोज," अक्का म्हणाली, आणि तिसाचा पाढा सुरू केला.